कंट्रोल रूम, मुलुंड पूर्व

लॉस सँटोस शहरात गाडीच्या नंबरप्लेटवर आठच अक्षरं मावतात. दोन आकडे, तीन अक्षरं, पुन्हा तीन आकडे. आपल्याकडे दहा लागतात: आधी एमएच, मग अंधेरीचे ०२ किंवा बोरिवलीचे ४७, मग मालिकेची दोन अक्षरं आणि शेवटी चार आकडे. उरलेली दोन अक्षरं कुठे कोंबायची, यापायी घाटकोपरच्या पंतनगरमधल्या एका मुलाने किती रात्री जागून काढल्या ते त्याच्या आईला विचारावं. शेवटी त्याने प्लेट गाडीच्या अंगावरच रंगवून टाकली. दिसायला झकास. पण वायरलेसवरून तो नंबर तपासायला सांगितला की गेम आपल्या पोटातला आठ अक्षरी अमेरिकन नंबर वाचून दाखवतो. वर रस्त्यावरच्या त्या मॉडेलच्या सगळ्या गाड्या एकाच नंबरच्या. कुठल्याही वाहतूक हवालदाराला घेरी यावी.

लॉस सँटोस म्हणजे ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’ या व्हिडिओ गेममधलं, लॉस एंजेलिसवरून बेतलेलं शहर. गेमच्या नावातच गाडीचोरी. २०१३ साली तो कन्सोलवर आला, १४ एप्रिल २०१५ ला कॉम्प्युटरवर, आणि त्याच वर्षी काही हौशी मंडळींनी त्याला उलटा करून घातला: चोर नव्हे, पोलीस व्हा. या फेरफाराचं, म्हणजे मॉडचं, नाव एलएसपीडीएफआर. आधीच्या ‘जीटीए ४’ साठीही याच मंडळींनी असाच मॉड केला होता. मॉड फुकट आहे आणि एकट्याने खेळायचा आहे. त्यावर जगभरच्या लोकांनी आपापले तुकडे जोडले: कुणी दारू प्यायलेल्या चालकाला फुंकर मारायला लावणारा, कुणी ब्रिटिश पोलिसांचा, कुणी जादा कुमक मागवणारा. मूळ कंपनी रॉकस्टारने हे कधी खपवून घेतलं, कधी डोळे वटारले. तो इतिहास रंजक आहे, पण संपादकांनी मला पाठवलं होतं ते ‘उपनगरातली पोरं रात्री पोलीस-पोलीस खेळतात म्हणे, बघून ये’ एवढं सांगून.

ही पोरं यात आली ती बहुतेक एकाच आठवड्यात. मे २०२० मध्ये, टाळेबंदी ऐन भरात असताना, एपिक कंपनीने आपल्या ऑनलाइन दुकानात हा गेम आठवडाभर फुकट ठेवला. गर्दी इतकी उसळली की दुकानच कोलमडलं. अंधेरी ते मुलुंड, दहावी-बारावीतली मुलं घरात कोंडलेली. खाली नाक्यावर खरे पोलीस काठी घेऊन उभे, आणि वर तिसऱ्या मजल्यावर नव्वद-एक जीबीचं डाउनलोड दोन-दोन दिवस चाललेलं. पंतनगरचा मुलगा त्यातलाच. आता तो एका खासगी कंपनीत नोकरी करतो. नाव छापू नका म्हणाला, म्हणून छापत नाही.

त्याने मला ड्यूटीवर बसवलं. गेममधल्या ठाण्यात जायचं, ड्यूटीवर रुजू व्हायचं, गाडी काढायची आणि वाट बघायची. वायरलेसवर वर्दी येते. ‘वाय’ दाबलं की ती आपण घेतली. एखादी गाडी संशयास्पद वाटली तर तिच्या मागे लागून शिफ्टची कळ दाबून धरायची. पुढची गाडी निमूट कडेला लागते. उतरायचं, चालकाच्या खिडकीपाशी जायचं, ‘ई’ दाबायचं, लायसन्स मागायचं. मारामारी फार कमी. पहिल्या तासात मी एकाला दंडाची पावती दिली आणि एका बेशुद्ध माणसासाठी अँब्युलन्स बोलावली. मला कंटाळा आला नाही, याचंच आश्चर्य वाटलं. पोलिसी कामातला रटाळपणा हाच खेळ होऊ शकतो, हे जुनं गुपित आहे. १९८७ च्या ‘पोलीस क्वेस्ट’ या गेमचा कर्ता जिम वॉल्स कॅलिफोर्नियाच्या हायवे पोलिसांतला माजी अधिकारी. त्याच्या गेममध्ये निघण्यापूर्वी गाडीभोवती फेरी मारून टायर तपासले नाहीत, तर वाटेत टायर बसून खेळ खलास व्हायचा.

पण हे सगळं अमेरिकन. तिथला पोलीस मागून येऊन गाडी थांबवतो, आपला पुढून. एलबीएस मार्गावर लोखंडी बॅरिकेड आडवे-तिरके लावायचे, गाड्यांची एक रांग करायची, हात आडवा घालायचा: ही नाकाबंदी. मॉडमध्ये रस्ता अडवता येतो, पण गेममधल्या वाहनचालकाला पुढे हात दाखवणारा माणूस वाटेतला अडथळा वाटतो. तो हॉर्न वाजवतो, नाहीतर वळसा घालून जातो. (इथवर अगदी मुंबईच.) त्यात वाहतूक उजवीकडून. गाड्या कुठून कुठे जायच्या ते नकाशाच्या फायलींत बिंदू-बिंदूंनी आखून ठेवलंय. अख्ख्या शहराची डावी-उजवी बाजू बदलायची, तर ते सगळे बिंदू नव्याने मांडावे लागतील. मुलाने हात जोडले.

मग मुंबईचं म्हणून काय उरतं? रंग. तो बराच चढतो. बोलेरो, अर्टिगा, इनोव्हा, पांढरा शर्ट आणि खाकी पँटवाला वाहतूक पोलीस. त्यातही खाचखळगे आहेतच. गाडीच्या दारावर ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ लिहायला घेतलं, तर चित्राच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटली, द आणि र हलन्तासकट वेगळे झाले. भारतीय लिप्यांसाठीची सोय त्यात असते, पण ती सेटिंगमध्ये शोधून चालू करावी लागते. ते निस्तरलं, तर काही मॉडेलांत गाडीच्या दोन्ही बाजूंना एकच चित्र आरशासारखं उलटवून चिकटवलेलं निघालं. चालकाच्या बाजूला ‘मुंबई पोलीस’ सुलट, पलीकडे उलट. गेमच्या स्वतःच्या फाँटमध्ये तर देवनागरी नाहीच. रशियन, कोरियन, जपानी, चिनी आहेत. आपली अक्षरं पडद्यावर नुसते चौकोन होऊन येतात. म्हणजे डोळ्यांसाठी मराठी फक्त चित्रात. कानांसाठी मात्र सगळं रान मोकळं होतं, आणि तिथेच मी अडकलो.

वायरलेसवर जी बाई बोलते, ती सलग बोलत नाही. मॉडच्या एका फोल्डरमध्ये तिच्या आवाजाचे लहान लहान तुकडे आहेत: गुन्हा, रंग, गाडीचा प्रकार, दिशा, भाग. वर्दी आली की गेम एकेक तुकडा उचलून ओळीने वाजवतो. इंग्रजीत हे बेमालूम जमतं. पांढऱ्याचा तुकडा कुठल्याही गाडीच्या आधी ठेवा, बदलत नाही. मुलाने ठरवलं, हे तुकडे मराठीत करायचे. आवाज कुणाचा? आत्याचा.

आत्या मुलुंड पूर्वेला राहतात. एमटीएनएलमध्ये आयुष्य गेलं, त्यातली बरीच वर्षं १९७ वर, डिरेक्टरी चौकशीला. जानेवारी २०२० च्या स्वेच्छानिवृत्तीत बाहेर पडल्या. व्हिडिओ गेम त्यांनी आजवर खेळलेला नाही आणि खेळायची इच्छाही नाही. रेकॉर्डिंग आतल्या खोलीत, कपाट उघडं टाकून, पाठीमागे दोरीवर गोधड्या लटकवून. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मोजून मध्ये थांबायचं.

पहिले तुकडे वाजवून बघितले आणि दोघंही हसत सुटले. ‘पांढरा’ ‘गाडी’ ‘वेस्पुची बीच’ ‘पळाला’. (वेस्पुची बीच म्हणजे लॉस सँटोसचा समुद्रकिनारा.) मराठीत ट्रक पांढरा, गाडी पांढरी, आणि गाडीतून पळाला तर पांढऱ्या. मुलाने प्रत्येक रंगाचे तीन-तीन तुकडे केले. पण कुठला केव्हा उचलायचा हे गेमला कोण सांगणार? जागांचं तेच. बीचवर, हिल्समध्ये, स्टेशनजवळ. प्रत्येक जागेला आपला प्रत्यय, आणि काहींना सामान्यरूपही.

तोड आत्यांनी काढली. पेपरात बेपत्ता माणसांची निवेदनं येतात ना, तसं बोल म्हणाल्या. रंग गहूवर्णी, बांधा सडपातळ, अंगात निळा शर्ट. त्यात कुठे काय वाकतं? मग वर्दी अशी झाली: ‘वाहन, सेडान. रंग, पांढरा. ठिकाण, वेस्पुची बीच. दिशा, पूर्व.’ रंग पुल्लिंगी, त्यामुळे पांढरा, काळा, निळा, एकेका तुकड्यात भागलं. ‘ठिकाण’ म्हटल्यावर पुढचं नाव मूळ रूपात बसतं, प्रत्यय लागतच नाही. जे कोडं प्रोग्रामिंगने सुटेना, ते पंचनाम्याच्या भाषेने सोडवलं. आणि गंमत म्हणजे ते जास्त खरं वाटतं. तुटक, कोरडं, सरकारी.

सुरावरून मात्र वाद झाला. भाच्याला सिनेमातल्यासारखी धडधड हवी होती. आत्या एका पट्टीत बोलत राहिल्या.

“आत्या, दरोडा पडलाय गं. जरा जोर लाव ना.”

“घाई फोन करणाऱ्याला असते रे. आपण घाई केली की त्याचं निम्मं ऐकू येत नाही.”

तोच सूर राहिला. हेडफोन लावून मी ते ऐकलं. ‘ठिकाण’नंतर अर्ध्या श्वासाची जागा सोडतात, आकडे सुटे सुटे उच्चारतात, पाच आणि सात कधी एकमेकांत मिसळू देत नाहीत. फोन नंबर सांगण्यात हयात गेलेल्या बाईचं कसब पडद्यावरच्या त्या परदेशी शहरात इतकं चपखल बसलंय, की दारावरचा रंग, बोलेरो, खाकी हे सगळं माझ्या लेखी नंतर. मुंबई जर त्या गेममध्ये कुठे असेल तर या आवाजात आहे.

भागांची नावं बदलावीत का, हा वाद अजून मिटलेला नाही. वेस्पुची बीचला जुहू म्हणायचा मोह मुलाला आहे. रोमन लिपीत का होईना, पडद्यावरचं नावही बदलता येतं. आत्यांना ते मान्य नाही. जुहू म्हटलं आणि समोर जुहू दिसलं नाही, तर माणूस चुकीच्या पत्त्यावर जाईल, म्हणतात.

मुलाचं दुसरं काम मला आधी किरकोळ वाटलं होतं: लोकांच्या अडचणी सोडवणं. मॉड टाकला की गेम कोसळतो. कधी ना कधी कोसळतोच. मग लोक त्याला लॉग पाठवतात. लॉग म्हणजे गेम सुरू झाल्यापासून काय काय घडलं याची क्षणाक्षणाची नोंद, हजारो ओळींची. तो ती खालून वर वाचतो, स्टेशन डायरी चाळणाऱ्या जुन्या ठाणे अंमलदारासारखी. समोरचा सांगतो, ‘मी काहीच केलं नाही, आपोआप बंद पडलं.’ लॉग सांगतो की रात्री ११ वाजता याने एकदम चाळीस गाड्या टाकल्या आणि मेमरीची मर्यादा वाढवणारी फाइल मात्र टाकली नाही. एखादा प्लगइन, म्हणजे मॉडला जोडलेला तुकडा, दोनदा भरलेला असतो, एखादा कधीचाच कालबाह्य. तो कुणावर चिडत नाही. कुठली फाइल काढायची, कुठली कुठे ठेवायची, एवढंच लिहितो. विचारणारे विरारचे, सांगलीचे, कधी इंदूरचे. पैसे कुणी देत नाही आणि त्याने घेऊही नयेत, कारण सगळा डोलारा ‘व्यापारी नाही’ या एका अटीवर उभा आहे.

ती अट कुठून आली? जून २०१७ मध्ये रॉकस्टारची मालक कंपनी टेक-टू हिने ओपनआयव्हीला कायदेशीर नोटीस धाडली. गेमच्या फायली उघडायला सगळे वापरतात ते हे साधन. जगभर बोंब झाली. काही दिवसांतच रॉकस्टारने जाहीर केलं की एकट्याने खेळायच्या, बिगरव्यापारी आणि इतरांच्या मालकीहक्कांना धक्का न लावणाऱ्या मॉडवर सहसा कारवाई होणार नाही. ‘सहसा’. त्या एका शब्दावर सगळे जगतात. त्यात मालकीहक्कांची बाब अवघडच, कारण फिरणाऱ्या गाड्यांपैकी कित्येक मॉडेलं दुसऱ्याच गेममधून उचललेली असतात. मुलगा उचललेली मॉडेलं वापरत नाही. त्यामुळे त्याच्या गाड्या जरा ओबडधोबड दिसतात आणि कमी उतरवून घेतल्या जातात.

दुसरा घोर एन्काउंटरचा. लोक आपल्या खेळाचे व्हिडिओ ऑनलाइन टाकतात, पण नाकाबंदीचा व्हिडिओ कोण बघणार? ‘मुंबई पोलीस एन्काउंटर’ अशी पाटी लावून गेममध्ये दहा जणांना लोळवलं की बघणारे धावतात. ‘अब तक छप्पन’ या एन्काउंटरवरच्या सिनेमाला वीसहून जास्त वर्षं झाली, पण ती तहान तशीच आहे. मुलाने यावर एक तुकडा लिहायला घेतलाय: गोळी झाडली की ड्यूटी थांबते, शस्त्र जमा होतं, गुन्हा नोंदला जातो, चौकशी दुसऱ्या ठाण्याकडे जाते. हे त्याच्या मनचं नाही. १९९५ ते १९९७ मधल्या मुंबईच्याच चकमकींवरून पीयूसीएल (नागरी हक्क संघटना) विरुद्ध महाराष्ट्र शासन हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि सप्टेंबर २०१४ मध्ये न्यायालयाने १६ सूचना दिल्या, त्यांतलं आहे. चाचणीला दिलेल्यांपैकी बहुतेकांनी तो तुकडा काढून टाकला. खेळाचा विचका होतो म्हणे. मला तर तो एकच तुकडा पोरांना सक्तीचा करावासा वाटतो, पण माझ्यासारख्याच्या सूचनांनी गेम बनत नाहीत.

आणि मग अपडेट. रॉकस्टार गेमची नवी आवृत्ती सोडतो तेव्हा मॉडना गेमशी जोडणारे सांधे निखळतात. स्क्रिप्ट हुक आणि रेज प्लगइन हुक ही ती दोन कडी. दोन्ही बाहेरच्यांनी केलेली आणि दोन्ही नव्या आवृत्तीशी पुन्हा जुळवावी लागतात. कधी एका दिवसात जुळतं, कधी आठवडे जातात. सप्टेंबर २०२४ मध्ये ऑनलाइन खेळातली लबाडी रोखायला बॅटलआय नावाचा पहारेकरी आला. एकट्याने खेळणाऱ्यालाही तो बंद केल्याशिवाय मॉड चालवता येईनात. मार्च २०२५ मध्ये गेमचेच दोन भाग झाले, जुना ‘लेगसी’ आणि नवा ‘एन्हान्स्ड’. मॉडवाले जुन्यात राहिले, आणि नवा उतरवून त्यावर जुने तुकडे चढवणाऱ्यांची रीघ लागली. पुढचा ‘जीटीए ६’ जाहीर झाला तो फक्त कन्सोलसाठी. कॉम्प्युटरवर तो येईल तेव्हा प्लेट किती अक्षरांची असेल आणि आवाजाचे तुकडे उघडता तरी येतील का, हे तेव्हाच कळणार.

अपडेटच्या दिवशी मुलगा ऑफिसच्या लंच टाइममध्ये एकच मजकूर सगळ्यांना डकवतो: ‘रॉकस्टारने अपडेट टाकलंय. कुणाचंच चालत नाहीये. थांबा. लॉग पाठवू नका.’ लॉग तरीही येतातच. रात्री जेवण झाल्यावर तो ते एकेक करून उघडतो, कारण त्यातल्या एखाद्यात चूक अपडेटची नसते.