गाई म्हणजे झोप

सांगलीच्या गावभागात माझ्या धाकट्या बहिणीचं जुनं घर आहे. गेल्या वैशाखात तिच्या लोखंडी कपाटाची किल्ली हरवली. मी साताऱ्याहून एसटीने पोचले तोवर सगळं घर पालथं घालून झालं होतं. गाद्या उलटल्या होत्या, डाळीचे डबे परातीत रिकामे केले होते, कचऱ्याची बादलीही अंगणात वर्तमानपत्रावर ओतून काडीने चिवडली होती. सगळ्यांचा संशय एकावरच होता, बहिणीच्या दीड वर्षाच्या नातवावर. आदल्या दुपारी किल्ली त्याच्या हातात सर्वांनी पाहिली होती आणि पाच मिनिटांनी तो हात रिकामा होता.

"किल्ली कुठंय रे बाळा?" असं विचारलं की तो एकच शब्द म्हणायचा, "गाई." आणि जिन्याखालच्या अंधाराकडे बोट दाखवायचा. त्या बाजूच्या दारातून बाहेर पडलं की शेजाऱ्यांचा गोठा लागतो. त्याला गाय बघायची असणार, असं समजून बहिणीच्या सुनेने त्याला दोनदा गोठ्यात नेऊन आणलं. दुसऱ्यांदा तो रडायलाच लागला.

उलगडा बहिणीच्या सासूबाईंनी केला. वय पंच्याऐंशीच्या पुढे, दिवसभर झोपाळ्यावर बसून असतात. त्या म्हणाल्या, "अगं, गायीला तो हम्मा म्हणतो. गाई म्हणजे निजणं. किल्ली निजलीय म्हणतोय पोर."

जिन्याखाली जातं होतं. आम्ही दोघींनी मिळून वरचा दगड उचलला. मधल्या खिळ्याला टेकून किल्ली पडली होती. तिच्याशेजारी एक हळकुंड, अर्धं बिस्कीट आणि बहिणीच्या कानातल्याची सोन्याची फिरकी. फिरकी हरवल्याचं बहिणीच्या अजून लक्षातही आलं नव्हतं.

किल्ली मिळाली आणि घर जेवायला बसलं. माझ्या डोक्यातून मात्र तो शब्द जाईना. या मुलाला जेमतेम वीस शब्द येतात. डोळ्यांसमोर नसलेली वस्तू त्याने चोवीस तास मनात धरून ठेवली होती आणि तिची खबर स्वतःजवळच्या शब्दांत आम्हाला वारंवार दिली होती.

वस्तू नजरेआड झाली तरी ती असतेच, हे आपल्यात इतकं मुरलेलं असतं की ते कधीकाळी शिकावं लागलं होतं हे खरंच वाटत नाही. पाच महिन्यांच्या बाळापुढचा खुळखुळा रुमालाने झाकून बघा. बहुतेक वेळा ते रुमाल ओढत नाही, दुसरीकडेच बघायला लागतं. आठ-नऊ महिन्यांचं झालं की तेच बाळ रुमाल खेचून खुळखुळा बाहेर काढतं. आपण पदराआड तोंड लपवून 'बुवा... कुक' करतो तेव्हा ते खदखदून हसतं, ते याच दिवसांत. स्वित्झर्लंडचे ज्याँ पियाजे यांनी स्वतःच्या तीन मुलांचं निरीक्षण करून हे टप्पे मांडले. त्यांची थोरली लेक जॅकलीन दहा महिन्यांची असताना त्यांनी तिचा खेळण्यातला पोपट गादीखाली डाव्या बाजूला दोनदा लपवला. तिने दोन्ही वेळा शोधून काढला. मग तिच्यादेखत तो उजव्या बाजूला लपवला, तर ती पुन्हा डावीकडेच शोधू लागली! पुढे १९८७ साली रेने बायारजों यांच्या प्रयोगांतून दिसलं की आडोशामागच्या वस्तूची काही जाण साडेतीन-चार महिन्यांच्या बाळालाही असते. हात पुढे करून ती वस्तू शोधायला मात्र आणखी काही महिने जावे लागतात. दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान मूल याच्याही पुढे जातं. स्वतः न पाहिलेली जागाही ते अंदाजाने शोधू लागतं.

पण जातंच का? याचं उत्तर घरातल्या लग्नात होतं. त्याआधी दहा दिवस बहिणीच्या धाकट्या मुलाचं लग्न झालं होतं. जात्याला सुपारी बांधून सवाष्णींनी हळकुंडं दळली, तेव्हा हा नातू एकीच्या मांडीवर बसून बघत होता. जात्याच्या तोंडात मूठमूठ टाकण्याला वैरण घालणं म्हणतात. एक हात खुंट्यावर आणि दुसऱ्या हाताने वैरण, हे त्याने पाहिलं आणि दहा दिवसांनी, कुणी बघत नसताना, करून टाकलं. अमेरिकेत अँड्र्यू मेल्टझॉफ यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला फार आवडतो. चौदा महिन्यांच्या मुलांसमोर एक मोठा माणूस पुढे वाकला आणि कपाळ टेकवून त्याने पेटीवरचा दिवा लावला. मुलांना त्या पेटीला हात लावू दिला नाही. आठवड्याने तीच पेटी पुढे ठेवल्यावर बरीच मुलं वाकली आणि कपाळ टेकवू लागली. हे न पाहिलेल्या मुलांपैकी कुणीच तसं केलं नाही. चालताना अजून धडपडणारं मूल एखादी कृती आठवडाभर मनात जपतं आणि वेळ आली की काढून वापरतं.

म्हणून 'लपवलं' हा शब्द या वयाला मला पटत नाही. लपवण्यासाठी समोरच्याला काय ठाऊक आहे आणि काय नाही याचा हिशेब मनात मांडावा लागतो. दीड वर्षाचं मूल ठेवतं, भरतं, झाकतं, या खोलीतून त्या खोलीत नेतं. इंग्लंडच्या क्रिस अॅथी यांनी अशाच पुन्हापुन्हा होणाऱ्या कृतींचा अभ्यास करून १९९० साली पुस्तक लिहिलं. नेणं, आत घालणं, झाकणं हे त्यांच्या मते मुलाचं विचार करणंच असतं. हातातली गोष्ट आत मावते का, पडते का, दिसेनाशी होते का, हे प्रश्न ते करून बघून सोडवत असतं.

आणि त्याला सगळ्यात जास्त ओढ असते ती तोंड असलेल्या वस्तूंची. आपल्या भाषेत बाटलीला तोंड असतं, पिशवीला असतं, बोगद्याला असतं, जात्यालाही असतं. ज्याला तोंड आहे त्याला घास द्यायचा, हे मूल जन्मल्यापासून स्वतःच्या अंगावर अनुभवत आलेलं असतं. सांगलीजवळ कृष्णा आणि वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. तिथली पेवं पाहिलेल्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. जमिनीत खोल खणलेली कोठारं, वर माणूस उतरेल एवढंच तोंड, आत मोठं पोट. व्यापाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हळद त्यांत भरून वर मातीने तोंडं बंद केली. तिथल्या जमिनीत ओल झिरपत नाही, म्हणून हळद टिकते. पेव उघडलं की आतली कोंडलेली हवा जाईपर्यंत कुणी खाली उतरत नाही. २००५च्या महापुरात पुष्कळ पेवं निकामी झाली. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्या हळदीमागे हे अंधारात जपून ठेवणं आहे. अरुंद तोंडाच्या, अंधाऱ्या, कोरड्या पोटात मोलाची वस्तू ठेवायची, हे आमच्या नातवाला कुणी शिकवलं नव्हतं.

आता शोधायचं कसं? आधी जमिनीवर बसा, मग पालथे पडा. दीड वर्षाच्या मुलाची उंची अडीच फुटांच्या आसपास असते. त्या उंचीवरून घर वेगळंच दिसतं. सोफ्याची फट, बुटाचं तोंड, कपडे धुण्याच्या यंत्राचं दार, मिक्सरचं भांडं, तळाचा खण, पाहुण्यांची पिशवी. पाच फुटांवरून यातलं काहीच नजरेत भरत नाही.

यापूर्वी वस्तू जिथे सापडली होती ती जागा सर्वांत आधी बघा. मारिया मॉन्टेसरींनी लिहून ठेवलं आहे की दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या लपंडावात लपायची जागा ठरलेली असायची. त्या स्वतः दुसरीकडे लपल्या, तर मुलं ठरलेल्या जागी बघून हिरमुसली. ठरल्या जागी सापडणं, यातच त्यांना आनंद होता.

मुलाला रागावू नका, त्याच्यावर नजर ठेवा. ज्युडी डीलोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली दीड ते दोन वर्षांच्या मुलांबरोबर एक खेळ केला. मुलादेखत एक बाहुला उशीखाली वगैरे ठेवला, थोड्या वेळाने तो शोधायचा आहे असं सांगितलं आणि मधली चार मिनिटं मुलाला दुसरी छान खेळणी दिली. खेळताखेळता मुलं थांबायची, उशीकडे बघायची, बोट दाखवायची, बाहुल्याचं नाव घ्यायची, जवळ जाऊन घुटमळायची. बाहुला उघड्यावर ठेवला असेल तर हे कमी व्हायचं. म्हणजे आठवण निसटू नये म्हणून ती धडपडत होती. आमचा नातूही जिन्याखाली बोट दाखवून हेच करत होता. तेवढ्यावरही भागलं नाही तर तशीच दुसरी एखादी किल्ली त्याच्या हातात द्या आणि लांबून बघत राहा. पुष्कळदा ते तुम्हाला त्याच तोंडापाशी घेऊन जाईल.

एका वस्तूच्या बाबतीत मात्र इतका धीर धरू नका. रिमोटमधला, गाडीच्या किल्लीतला, खेळण्यातला चपटा बटणासारखा सेल दिसेनासा झाला आणि मुलाने तो गिळल्याची जरासुद्धा शंका असेल, तर घर शोधत बसू नका. तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून गंभीर भाजू शकतं. उलटी करायला लावू नका. मुलाला घेऊन थेट एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात जा. किल्ली चार दिवसांनी मिळाली तरी चालते.

बहिणीची किल्ली आता दाराच्या चौकटीवर पाच फुटांवर खिळ्याला टांगलेली असते. जात्याचं तोंड तिने झाकलेलं नाही. रोज रात्री निजायच्या आधी ती टॉर्च घेऊन जिन्याखाली बघून येते. काल फोनवर सांगत होती, एक चमचा निघाला आणि सासूबाईंच्या चष्म्याचं फडकं, नीट घडी घातलेलं.