जुन्या टर्बो ट्रॅक्टरचा पांढरा धूर : परीक्षा व उपाय

उसाचा गळीत हंगाम सुरू झाला, की कराड, वाळवे, पलूस या भागांत पहाटेपासून भरलेल्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्याला लागतात. याच थंडीच्या दिवसांत जुन्या ट्रॅक्टरच्या सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असल्याची तक्रार ऐकू येते. लगेच हेड खोलण्याचा सल्ला मिळतो, आणि ऐन हंगामात गाडी उभी राहते. हेड खोलणे काही वेळा आवश्यकच असते. परंतु पुष्कळदा दोष निराळाच असतो. पांढरा दिसणारा धूर न जळलेल्या डिझेलचा, पाण्याच्या वाफेचा किंवा वंगणतेलाचाही असू शकतो. त्यांतील भेद शेतकऱ्यास स्वतः ओळखता येतो.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा दाबली गेल्याने इतकी तापते, की तीत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. इंजिन थंड असेल, तर ही उष्णता अपुरी पडते व डिझेलचे सूक्ष्म थेंब धुक्यासारखे बाहेर येतात. अशा धुराला डिझेलचा उग्र वास असतो आणि डोळे चुरचुरतात. पहाटे असा धूर आला व इंजिन तापताच थांबला, तर काळजीचे कारण नाही. तापल्यावरही तो राहिला, तर नोझल ठिबकत आहे, पंपाचा टायमिंग मागे पडला आहे, किंवा रिंगा झिजून दाब कमी झाला आहे, असे समजावे. नोझलची तपासणी स्वस्त असते, म्हणून ती प्रथम करवून घ्यावी. नोझलमधून निघणारा फवारा कातडीत घुसू शकतो. त्याखाली हात कधीही धरू नये.

पाण्याच्या वाफेस डिझेलचा वास नसतो, आणि ती थोड्या अंतरावर हवेत विरून जाते. थंड सकाळी सायलेन्सरमध्ये साठलेला दमट अंश उडून जातो, तो निरुपद्रवी होय. परंतु इंजिन तापूनही वाफ येत राहिली, बाहेर कोठे गळती नसता रेडिएटरमधील पाणी रोज कमी होऊ लागले, किंवा डिपस्टिकवरील तेल दुधाळ दिसले, तर हेड गॅस्केट फुटले आहे अथवा हेडला तडा गेला आहे, अशी दाट शंका घ्यावी. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचे झाकण काढून ते सुरू करावे. पाण्यात सतत बुडबुडे आले, तर शंका पक्की होते. गरम रेडिएटरचे झाकण मात्र कदापि उघडू नये. अशा स्थितीत ट्रॅक्टर चालवीत राहणे सर्वांत महागात पडते. रात्रभर सिलिंडरमध्ये पाणी उतरले व सकाळी स्टार्टर मारला, तर पाणी दबत नसल्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. तेलात मिसळलेले पाणी बेअरिंगे खाते. येथे मात्र हेड खोलण्यास विलंब करू नये.

हा दोष बहुधा इंजिन अति तापल्याने उद्भवतो. रेडिएटर कोरडा पडल्यावर तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतणे, हे तडा जाण्याचे नेहमीचे कारण. क्षारयुक्त विहिरीच्या पाण्याने आतील वाटांवर खर धरते व उष्णता निघून जात नाही. कारखान्याने सांगितलेले कूलंटच वापरावे.

आता टर्बोचा विचार करू. सायलेन्सरकडे जाणाऱ्या वायूच्या जोराने फिरणारी ही चक्की इंजिनात जास्त हवा भरते. तिच्या आसाचा वेग मिनिटास एक लाख फेऱ्यांपर्यंतही जाऊ शकतो, आणि त्याचा सारा भार इंजिनाच्या तेलाच्या पातळ थरावर असतो. आस झिजला, की तेल सायलेन्सरमध्ये शिरते. हा धूर निळसर पांढरा असून त्यास जळक्या तेलाचा वास येतो, व तेलाची पातळी उतरत जाते. तरीही नवा टर्बो घेण्याची घाई करू नये. पाचटाच्या धुळीने एअर फिल्टर तुंबला असेल, तर टर्बो तेल ओढून घेतो. तेल परत नेणारी नळी किंवा क्रँककेसचा ब्रीदर बंद झाला असल्यासही हेच घडते. हे दोष साफसफाईने जातात. भार ओढून आल्यावर ट्रॅक्टर तत्काळ बंद न करता दोन-तीन मिनिटे मंद चालू ठेवावा. एरवी टर्बोतील तेल तेथेच करपते.

सातारच्या कूपर कारखान्यात १९३० नंतरच्या दशकात डिझेल इंजिने तयार होऊ लागली. तेव्हापासून कृष्णाकाठाला पंपाच्या इंजिनाचा आवाज परिचित आहे. अजूनही जेथे तशी जुनी इंजिने चालतात, तेथे पांढऱ्या धुराचे एक वेगळेच कारण आढळते. नदीचे गार पाणी भरपूर सोडल्याने इंजिन तापतच नाही, व डिझेल अर्धवट जळते. इंजिनातून बाहेर पडणारे पाणी हाताला चांगले गरम लागेल, इतपत कॉक बारीक करावा. धूर जातो, डिझेलही वाचते.