जुनी मोटरसायकल पिकअप घेताना अडखळते? बोअर खोलण्याआधी एवढं बघा



आजचा मेसेज पिकाचा नाही, गाडीचा आहे. फवारणीचे दिवस आहेत. पंप, औषध, पाण्याची कॅन असं सगळं घेऊन वावरात जायचं, आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांची भिस्त अजून दहा-पंधरा वर्षं जुन्या स्प्लेंडर, सीडी डिलक्स, प्लॅटिना, सीटी-100 वर आहे. नेमकी पावसाळ्यातच ही गाडी नखरे करते. एक्सलेटर पिळला की क्षणभर दबते, झटके मारते, मग एकदम उचल घेते. कोणी म्हणतं मिसिंग करते, कोणी म्हणतं पिकअप गेला.

हे अंगावर काढू नका. नांदुरा-मलकापूरकडे हायवे ओलांडताना किंवा राजूर घाटात चढावर ट्रकच्या बाजूने निघताना गाडी तो एक क्षण दबली तर काय होईल ते सांगायला नको. दुसरी गोष्ट पैशाची. पिकअप गेला म्हटलं की कोणीतरी लगेच "बोअर गेलं" म्हणून सांगतं. काही वेळा ते खरं असतं. पण बहुतेक वेळा दोष पेट्रोल, हवा किंवा ठिणगी यातच सापडतो, आणि तो काढायला इंजिन खोलावं लागत नाही.

*आधी हे ओळखा.* इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी पुढे ओढत नाही, असं असेल तर ते मिसिंग नाही. क्लच प्लेट घसरते आहे किंवा क्लच वायर फार ताणलेली आहे. मागचं चाक स्टँडवर हाताने फिरवूनही बघा. ब्रेक धरून राहत असेल तरी गाडी जड चालते. या मेसेजमध्ये आपण बोलतोय ते इंजिन स्वतःच अडखळतं त्याबद्दल.

*असं का होतं?* 1 एप्रिल 2020 ला बीएस-6 नियम आले, त्याच्या आधीच्या आपल्या 100 सीसीच्या गाड्यांत बहुतेक कार्बोरेटरच आहे. एक्सलेटर एकदम पिळला की हवा लगेच आत शिरते, पेट्रोल मात्र जेटच्या बारीक भोकातून ओढून यावं लागतं. ते भोक अर्धं बुजलं असेल तर हवा पुढे, पेट्रोल मागे, आणि इंजिन तेवढा क्षण उपाशी राहतं. ठिबकचा ड्रिपर चोक झाला की झाडाला पाणी कमी पडतं, अगदी तसंच. फरक एवढाच की स्लो जेटचं भोक ड्रिपरपेक्षाही बारीक असतं.

*चोकची परीक्षा.* ही घरी करता येते आणि पैसे लागत नाहीत. गाडी पाच-दहा मिनिटं चालवून गरम करा. मोकळ्या जागी स्टँडवर, न्यूट्रलमध्ये एक्सलेटर झटकन थोडा पिळा आणि अडखळते का बघा. मग चोक अर्धा ओढून तेच करा. चोकने अडखळणं कमी झालं, तर इंजिनला पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी फालतू हवा आत जातेय. उलट जास्त बिघडलं, धुर्र करून बंद पडायला लागली, तर पेट्रोल आधीच जास्त जातंय. म्हणजे बहुधा एअर फिल्टर बुजलाय किंवा चोक पूर्ण परत बसत नाही. काहीच फरक पडला नाही तर प्लगकडे आणि वायरकडे बघा. या एका परीक्षेने अर्धं काम होतं.

पेट्रोल कमी पडत असेल तर पहिल्यांदा टाकीचं झाकण बघा. झाकणाला हवा जायचं बारीक भोक असतं, ते धुळीने किंवा चिखलाने बुजतं. गाडी तीन-चार किलोमीटर नीट चालते आणि मग दम तोडते. थांबून झाकण उघडलं की फुस्स आवाज येतो आणि पुन्हा नीट चालते. असं असेल तर भोक साफ करा, झालं.

नंतर पाणी. पावसात उभ्या गाडीच्या टाकीत झाकणाच्या रबरातून पाणी उतरतं. बाटलीत, कॅनमध्ये आणलेल्या पेट्रोलमधूनही येतं. इंजिन थंड असताना पेट्रोल कॉक बंद करा, कार्बोरेटरच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करा आणि निघालेलं पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत धरा. दहा मिनिटं ठेवा. खाली वेगळा थर बसला, थेंब गोळा झाले किंवा तांबूस गाळ दिसला तर टाकी आणि कार्बोरेटर दोन्ही साफ करायला हवेत. हे उघड्यावर करा. जवळ चूल नको, विडी नको.

इथे इथेनॉलचाही विषय येतो. 2023 पासून 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल टप्प्याटप्प्याने सुरू झालं, आता पंपावर बहुतेक तेच मिळतं. त्यात आपला मकाही आहे, तेव्हा त्याला नुसती नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण जुन्या गाडीच्या दृष्टीने दोन गोष्टी लक्षात ठेवा. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि पाणी जास्त झालं की पाण्यासकट तळाला बसतं. शिवाय ते जळायला हवा कमी घेतं, म्हणून जुन्या सेटिंगवर इंजिनला पेट्रोल थोडं कमी पडल्यासारखं होतं. जेट आधीच अर्धं बुजलेलं असेल तर हा फरक लगेच जाणवतो. जुनी रबरी नळी आणि वॉशरही त्याने लवकर फुगतात, तडकतात. नळी कडक झाली असेल तर बदलून टाका.

कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधला जोड कोणी फारसा बघत नाही. तिथली रिंग किंवा पॅकिंग खराब झालं की फालतू हवा शिरते. गाडी स्लोवर चालू ठेवून त्या जोडावर साबणाच्या पाण्याचे चार थेंब सोडा. आवाज बदलला तर हवा तिथूनच जाते.

एअर फिल्टर दोन प्रकारचा असतो. स्पंजचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून, थोडं ऑइल लावून दाबून काढा. तेलकट कागदाचा असेल तर तो धुवू नका, हवा मारू नका, बदला. फिल्टर काढूनच गाडी चालवणारे आपल्याकडे कमी नाहीत. काळ्या मातीच्या रस्त्यावर असं केलं तर मात्र बोअर खरंच जातं.

प्लग इंजिन थंड झाल्यावरच काढा. टोक विटकरी-तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. पांढरं फटक म्हणजे पेट्रोल कमी. ऑइलने ओला काळा प्लग, सायलेन्सरमधून निळसर धूर आणि किक पोकळ लागणं, ही तिन्ही एकत्र दिसली तर मात्र बोअर-पिस्टनची शंका खरी धरा. पावसातच मिसिंग होत असेल तर प्लग कॅप आणि वायर बघा. रात्री अंधारात वायरवर ठिणगी पळताना दिसते, पण हात लावू नका. गरम झाल्यावरच होत असेल तर मिस्त्रीला कॉइल आणि टॅपिट तपासायला सांगा.

कार्बोरेटरचा हवा-पेट्रोलचा स्क्रू फिरवायचाच असेल तर आधी तो आत किती फेरे जातो ते मोजून लिहून ठेवा. आणि जेटमध्ये तार घालू देऊ नका, भोक मोठं होतं आणि पेट्रोल जास्त जायला लागतं. कार्बोरेटर क्लीनरने किंवा हवेनेच साफ करून घ्या.

मिस्त्रीकडे गेल्यावर "पिकअप नाही" एवढंच सांगू नका. थंड असताना होतं की गरम झाल्यावर, चोक ओढल्यावर काय फरक पडला, बाटलीत पाणी दिसलं का, प्लगचा रंग कसा होता, हे सांगा. बदललेला जुना पार्ट परत मागून घ्या. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल काढून ठेवा, म्हणजे जेटमध्ये चिकट थर बसणार नाही.