चुलीवरचा वीकेंड : गंज कुठला, कढई कुठली?

लाँग वीकेंड लागला की ताडोबाची बुकिंग फुल्ल! सफारी कुठल्या गेटची, कॅमेरा कोणाचा, गाडी कोण चालवणार, सगळं ठरलेलं. संध्याकाळी होम-स्टेच्या अंगणात चुलीवर मटण करायचं, हेही ठरलेलं. पण ते कशात करायचं? इथे सगळे गप्प. ‘घरातलं एखादं पातेलं टाकू की गाडीत,’ असं कोणीतरी म्हणतं. मी चंद्रपूरची असल्याने ऑफिसच्या ग्रुपमधलं हे खातं आपोआप माझ्याकडे येतं. आणि माझं उत्तर ठरलेलं असतं: एखादं नाही, नीट निवडून टाका.

कारण सोपं आहे. गॅसला नॉब असतो, चुलीला नसतो. लाकूड भडकलं की जाळ ८०० अंश सेल्सिअसच्याही वर जाऊ शकतो. तो सोसायचं काम भांड्याचं. म्हणून चुलीवर अर्धा स्वयंपाक हाताचा आणि अर्धा धातूचा!

नॉनस्टिक? नको रे बाबा

किचनमधला तो देखणा पॅन घरीच राहू द्या. त्याचं कोटिंग साधारण २६० अंशांनंतर बिघडायला लागतं. आणखी तापलं तर त्यातून निघणारी वाफ छातीला त्रास देते. शिवाय प्लॅस्टिकची मूठ जाळापुढे किती टिकणार?

गंज म्हणजे गंज नव्हे

पुण्याच्या मैत्रिणीला ‘येताना गंज आण’ म्हटलं की ती दचकते. आमच्या विदर्भात गंज म्हणजे उभट पातेलं. भात, वरण, चहाचं पाणी, सगळं त्यातच. जाड बुडाचा ॲल्युमिनियमचा, म्हणजे ‘जर्मन’चा गंज चुलीवर छान चालतो. स्टेनलेस स्टीलच्या तुलनेत यातून उष्णता साधारण १५ पट चांगली पसरते, त्यामुळे भात एकाच जागी करपत नाही. तेवढ्याच आकाराच्या आणि जाडीच्या लोखंडी भांड्यापेक्षा वजन जेमतेम एक तृतीयांश. पाठीवर सॅक असेल तर हा मुद्दा महत्त्वाचा.

दोन पथ्यं मात्र पाळा. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, म्हणून रिकामा गंज जाळावर कधीच ठेवायचा नाही. आमच्या आजीचा नियमच होता, आधी गंजात पाणी, मग चुलीत जाळ. दुसरं, चिंच-टोमॅटोचं आंबट यात शिजवून रात्रभर ठेवू नका.

आणि भात करणारच असाल तर इथला एचएमटी घ्या. हे वाण दादाजी खोब्रागडे यांनी याच जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावात, स्वतःच्या शेतात निवडून तयार केलं.

लोखंडाचा मुलूख

कढई मात्र लोखंडीच. या मातीचं आणि लोखंडाचं नातं जुनं आहे. १८८२ मध्ये एका जर्मन भूशास्त्रज्ञाच्या अहवालात जमशेटजी टाटांनी चांदा जिल्ह्यातल्या लोहाऱ्याच्या खनिजाबद्दल वाचलं आणि पोलाद कारखान्याचं स्वप्न पाहिलं. वरोऱ्याचा कोळसा उपयोगी न ठरल्याने ते इथे जमलं नाही. पुढे कारखाना जमशेदपूरला झाला. गडचिरोलीत सुरजागडच्या डोंगरांतून मात्र आजही लोहखनिज निघतं.

मटण परतायला, वांग्याची भाजी करायला जाड पत्र्याची, दोन कानांची कढई घ्या. बिडाची भांडी उष्णता जास्त वेळ धरून ठेवतात, पण जड असतात आणि तापलेली असताना थंड पाणी ओतलं तर तडकू शकतात. गाडी दारापर्यंत जात असेल तरच बीड न्या. धुतल्यावर भांडं चुलीवर कोरडं करा आणि तेलाचा हात फिरवा. नाहीतर पुढच्या ट्रिपला दुसऱ्या अर्थाचा गंज भेटेल!

पितळ आणि स्टील

शेजारचं भंडारा पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध. पितळी पातेल्यातलं वरण छानच, पण आतली कल्हई कथलाची असते आणि कथील २३२ अंशांनाच वितळतं. म्हणजे पाणी किंवा रस्सा असेल तोवर ठीक, कोरडी फोडणी नको. पातळ स्टील चहापुरतं बरं, भाजी मात्र तळाला लागते.

आणि रोडगे करणार असाल तर सगळ्यात मजा. ते गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, भांडंच लागत नाही!

निघण्यापूर्वी एवढं बघा

* लांब दांड्याची पळी, घट्ट सांडशी आणि सपाट झाकण घ्या. झाकणावर निखारे ठेवले की दम बसतो.
* चुलीवर चढवण्याआधी भांड्याला बाहेरून ओल्या मातीचा किंवा राखेचा लेप द्या. काजळी लेपासकट निघते.
* उकळी जाळावर आणा, पण शिजू द्या निखाऱ्यांवर.
* लाकडं जंगलातून गोळा करू नका, यजमानांकडून विकत घ्या.

शेवटची गोष्ट सगळ्यात मोठी. चूल फक्त अंगणात किंवा शेतावर, यजमानांना विचारूनच. राखीव जंगलात आणि अभयारण्यात आग पेटवणं हा गुन्हा आहे. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा इथला वणव्याचा हंगाम. याच दिवसांत गावकरी मोहफुलं वेचतात, तेंदूपानं तोडतात. त्यांच्या वर्षभराच्या रोकड कमाईतला मोठा हिस्सा यातूनच येतो. तुमच्या एका ठिणगीने तो जळू शकतो. म्हणून जेवण झालं की निखाऱ्यांवर पाणी ओता, राख ढवळा, पुन्हा ओता. हात लावून गार लागली की मगच गाणी, गप्पा आणि अंताक्षरी!