प्लग-इन हायब्रिड मोटार : घेण्याआधी खर्चाचा हिशेब



गेल्या पावसाळ्यात वालीवच्या बैठकीत भातावरच्या करपा रोगाची माहिती देऊन झाली. मंडळी उठू लागली, तेव्हा एक बागायतदार काका मागे थांबले. म्हणाले, "साहेब, पिकाचं नाही, गाडीचं विचारायचंय. जमिनीच्या मोबदल्याचे पैसे आलेत. मुलगा मुंबईहून जुनी हायब्रिड मोटार आणतो म्हणतो. ती पेट्रोलवरही चालते आणि विजेवरही. आपल्या पंपाच्या मीटरवरनं रातच्याला लावली, तर फुकटातच पडेल ना?"

काकांचा प्रश्न एकट्याचा नाही. आपल्या पालघर जिल्ह्यात महामार्गासाठी आणि रेल्वेसाठी पुष्कळांच्या जमिनी गेल्या. हा पैसा एकदाच येतो. म्हणून या पत्रकात पिकाऐवजी मोटारीच्या खर्चाची माहिती देत आहोत.

'हायब्रिड' शब्दाचे तीन अर्थ

संकरित बियाणे म्हटले की आपण आधी वाण कोणता ते विचारतो. इथेही तसेच विचारावे. विक्रेता 'हायब्रिड' हा एकच शब्द वापरतो, पण गाड्या तीन प्रकारच्या असतात.

१. नावापुरती हायब्रिड. हिच्यात लहानशी बॅटरी असते. ती इंजिनला थोडा हात देते, पण गाडी एकट्या विजेवर चालत नाही.

२. पूर्ण हायब्रिड. २०२२ साली आपल्याकडे आलेली मारुतीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस यांत हा प्रकार मिळतो. बॅटरी इंजिनवर आणि ब्रेक दाबताना भरते. हिला घरच्या विजेची वायर जोडायची सोयच नसते. सगळा खर्च पेट्रोलचाच, फक्त पेट्रोल कमी लागते.

३. प्लग-इन हायब्रिड. हिची बॅटरी मोठी असते आणि ती घरच्या विजेवर भरता येते. भरली म्हणजे सुमारे चाळीस-पन्नास किलोमीटर, काही गाड्यांत त्याहून जास्त, विजेवर जाता येते. पुढे पेट्रोल इंजिन काम करते. अशी पहिली कारखान्यात तयार झालेली मोटार चीनच्या बीवायडी कंपनीने २००८ साली विकायला काढली. भारतात २०१६ साली व्होल्वोची एक्स.सी. ९० आणि २०२२ साली बीएमडब्ल्यूची एक्स.एम. या आलिशान गाड्या अशा प्रकारात आल्या.

काकांचा मुलगा आणणार होता ती या तिसऱ्या प्रकारची. पुढचा हिशेब तिचाच आहे.

एका विहिरीवर दोन यंत्रे

ही मोटार समजायला सोपी आहे. विहिरीवर विजेचा पंप आहे आणि शेजारी डिझेल इंजिनही आहे, असे समजा. विजेने पाणी स्वस्त पडते. वीज गेली तर इंजिन पीक वाचवते. सोय दोन्हीची मिळते, पण देखभालही दोन्हीची करावी लागते. आणि विजेचा पंप सुरूच केला नाही, रोज इंजिनच ओढले, तर पंपाला घातलेला पैसा पाण्यात गेला.

प्लग-इन हायब्रिडचे अगदी असेच आहे. ती रोज चार्जिंगला लावली तरच फायद्याची. लावली नाही, तर जड बॅटरीचे ओझे वाहणारी पेट्रोलची मोटार होते.

हे आम्ही मनाचे सांगत नाही. युरोपीय आयोगाने २०२१ साली नोंदलेल्या गाड्यांमधील इंधनाच्या नोंदी तपासल्या आणि २०२४ मध्ये निष्कर्ष दिला. प्रयोगशाळेतल्या आकड्यापेक्षा रस्त्यावरच्या प्लग-इन हायब्रिड गाड्यांचा धूर सरासरी साडेतीन पट निघाला. मुख्य कारण हेच, की धरले होते तितके लोक गाडी चार्ज करीत नव्हते.

वालीवचा हिशेब

आता आकडे मांडू. हे दर हिशेबापुरते धरलेले आहेत. तुम्ही स्वतःच्या बिलावरचे आणि पंपावरचे दर घाला.

पेट्रोल : लिटरला १०५ रुपये.
घरची वीज : युनिटला १२ रुपये.
साधी पेट्रोल मोटार : लिटरला १६ किलोमीटर.
प्लग-इन हायब्रिड, बॅटरी भरलेली : युनिटला ५ किलोमीटर, एका भरण्यात ५० किलोमीटर.
तीच गाडी, बॅटरी रिकामी : लिटरला १५ किलोमीटर.

हिशेब पहिला. घर ते वसई रोड स्टेशन, शेत, बाजार असे रोज ३० किलोमीटर, महिन्याला २५ दिवस. म्हणजे ७५० किलोमीटर झाले. साध्या मोटारीला पेट्रोल सुमारे ४,९२० रुपयांचे लागेल. प्लग-इन गाडी रोज भरली तर १५० युनिट, म्हणजे १,८०० रुपये. महिन्याला ३,१२० रुपये वाचले, वर्षाला सुमारे ३७,५०० रुपये.

हिशेब दुसरा. तीच गाडी, तेच अंतर, पण चार्जिंगचा कंटाळा केला. पेट्रोल ५० लिटर, खर्च ५,२५० रुपये. साध्या मोटारीपेक्षाही ३३० रुपये जास्त!

हिशेब तिसरा. वालीवहून दादरला जाऊन-येऊन सुमारे १०० किलोमीटर धरा. पहिले ५० किलोमीटर विजेवर, त्याचे १२० रुपये. उरलेले ५० पेट्रोलवर, त्याचे ३५० रुपये. एकूण ४७० रुपये. साध्या मोटारीला ६५६ रुपये लागतील. फेरीमागे १८६ रुपये वाचले. महिन्याला २६ फेऱ्या केल्या तर वर्षाला सुमारे ५८,००० रुपये.

आता खरी गोम. प्लग-इन गाडी साध्या गाडीपेक्षा समजा सहा लाख रुपयांनी महाग पडली. पहिल्या हिशेबाने ते सहा लाख वसूल व्हायला सोळा वर्षे लागतात. तिसऱ्या हिशेबाने दहा वर्षांहून थोडी अधिक. बॅटरीची हमी मात्र साधारण आठ वर्षांची, आणि किलोमीटरचीही मर्यादा असते. रोज दादर केले तर वर्षाला ३१,२०० किलोमीटर होतात. १ लाख ६० हजार किलोमीटरची मर्यादा असेल, तर हमी पाच वर्षांतच संपली. शिवाय कर्ज काढले असेल तर व्याज वेगळे.

पंपाची वीज मोटारीला लावू नका

आता काकांच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे. ती शेताला पाणी देण्यासाठी आहे. त्या जोडणीवर मोटार भरणे म्हणजे विजेचा अनधिकृत वापर. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे अशा वापराची आकारणी लागू दराच्या दुपटीने होते. वापर कधीपासून सुरू झाला ते ठरवता आले नाही, तर मागच्या बारा महिन्यांची आकारणी लावतात. चार पैसे वाचवायला जाऊन पंपाची जोडणी अडचणीत आली आणि ऐन उन्हाळ्यात भाजीचे पाणी तुटले, तर नुकसान कोणाचे?

घरच्या मीटरवर मोटार भरायला हरकत नाही. मात्र घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० पर्यंत त्याहून जास्त, ३०० च्या पुढे आणखी जास्त. मोटारीचे युनिट घरच्या युनिटच्या डोक्यावर बसतात. घरात १८० युनिट जळत असतील आणि मोटारीचे १५० वाढले, तर एकूण ३३० होतात, म्हणजे वरचा टप्पा लागला. म्हणून हिशेबात बिलावरचा पहिला दर न धरता शेवटचा धरावा. स्थिर आकार आणि इतर आकारही पाहावेत.

घरची वायरिंग

चार्जर सुमारे तीन किलोवॅट वीज ओढतो. म्हणजे चार अश्वशक्तीच्या मोटरीएवढा भार, आणि तोही सलग साडेतीन-चार तास. गावातल्या जुन्या घरांची वायरिंग दिवे-पंख्यांच्या बेताची असते. म्हणून पुढील कामे आधी करावीत.

१. महावितरणकडून मंजूर भार तपासून घ्या. कमी असेल तर अर्ज करून वाढवा.
२. परवानाधारक वायरमनकडून मीटरपासून स्वतंत्र जाड वायर, स्वतंत्र एम.सी.बी. आणि विजेचा धक्का बसू न देणारा गळती-रोधक स्विच बसवा.
३. अर्थिंग नीट करा. एप्रिल-मे मध्ये मुरमाची जमीन सुकते, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत जा.
४. एक्स्टेन्शन बोर्ड मुळीच वापरू नका. सॉकेट गरम लागले तर चार्जिंग बंद करा.
५. पेंढ्याच्या उडवीजवळ गाडी उभी करू नका. तिथे उंदीर वायरी कुरतडतात आणि आगीचाही धोका असतो.

या कामाचा खर्च गाडीच्या किमतीत धरायला विसरू नका.

देखभाल आणि पावसाळा

या गाडीला इंजिन आहे, तेव्हा ऑइल बदलणे आणि सर्व्हिसिंग चुकत नाही. विजेवरच फिरलात तरी अधूनमधून इंजिन चालवावे लागते, नाहीतर टाकीतले पेट्रोल जुने होते. ब्रेक मात्र जास्त दिवस टिकतात, कारण वेग कमी करताना मोटर वीज तयार करते आणि ब्रेकचे काम हलके होते. गाडी जड असल्याने टायर लवकर झिजू शकतात. विम्याचा हप्ता गाडीच्या किमतीवर ठरतो, म्हणून तोही जास्त येतो. विमा घेताना पाण्याने बिघडलेली बॅटरी भरून मिळते का, ते लेखी विचारा.

हे विचारायचे कारण तुम्हाला सांगायला नको. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेले होते, ते आपण सर्वांनी पाहिले. गाडी पाण्यात बुडाली तर ती सुरू करू नका, चार्जिंगलाही लावू नका. नारिंगी रंगाच्या वायरींतून मोठ्या दाबाची वीज वाहते, त्यांना हात लावू नका. गाडी उचलून अधिकृत दुरुस्ती केंद्रात न्यावी.

सवलत आणि कर

निव्वळ विजेच्या मोटारीवर जी.एस.टी. ५ टक्के आहे. पेट्रोल हायब्रिड चार मीटरहून लांब किंवा १२०० सी.सी. हून मोठ्या इंजिनाची असेल, तर २२ सप्टेंबर २०२५ पासून तिच्यावर ४० टक्के आहे. हिरवी नंबरपाटी निव्वळ बॅटरीच्या गाडीलाच मिळते. "विजेची गाडी आहे, सवलत मिळेल" असे कोणी सांगितले, तर ह्याच गाडीला मिळते का, ते परिवहन कार्यालयात विचारूनच पैसे द्यावेत.

जुनी गाडी घेत असाल, तर तीन गोष्टी पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नका : बॅटरीची किती ताकद शिल्लक आहे याचा दुरुस्ती केंद्राचा कागद, हमी नव्या मालकाच्या नावे चालते का, आणि नवी बॅटरी घालायचा लेखी अंदाज.

मग घ्यायची की नाही?

रोजचे अंतर एका भरण्यात बसते, घरी पक्के अंगण आणि चांगली वीज आहे, आणि महिन्यातून चार-सहा वेळा लांबचा प्रवास आहे, अशा घराला ही गाडी सोयीची. पण किमतीतला फरक थोडा असेल तरच परवडेल. लांबचा प्रवास क्वचितच असेल, तर निव्वळ विजेची गाडीही तपासून पाहा. तिला एकाच यंत्राची देखभाल लागते. रोजच लांब जाणे असेल किंवा घरी चार्जिंगची सोय नसेल, तर पूर्ण हायब्रिड किंवा सी.एन.जी.चा हिशेब मांडा. फुले-भाजी न्यायची असेल, तर ही मोटार त्या कामाची नाहीच. त्यासाठी मालाची तीनचाकी किंवा टेम्पो पाहावा. पहाटेच्या लोकलने दादरला फुले नेणाऱ्यांचे भाडे किती पडते, तेही हिशेबात घ्या.

काकांना आम्ही एक वही ठेवायला सांगितले. पंधरा दिवस रोज किती किलोमीटर जाणे झाले, कशासाठी झाले आणि रात्री घरी वीज किती वाजता होती, एवढेच लिहायचे. मुलाने वही भरली. रोजची धाव २५ ते ३० किलोमीटर निघाली, आणि लांबचा प्रवास पंधरा दिवसांत एकच. पहिल्या हिशेबाची सोळा वर्षे त्याने स्वतःच मोजली. गाडी अजून घेतलेली नाही. मोबदल्याचा पैसा बँकेत आहे.

तुम्हीही आधी वही ठेवा. बियाणे घेण्यापूर्वी जमीन पाहतो, तशी गाडी घेण्यापूर्वी आपली धाव पाहावी.

लक्षात ठेवा

- रोज चार्ज करणार असाल तरच प्लग-इन.
- पंपाची वीज शेतालाच.
- वाचलेले पेट्रोल आणि गाडीची जास्तीची किंमत, दोन्ही एकाच कागदावर मांडा.
- पाण्यात बुडालेल्या गाडीला वीज जोडू नका.