होडी घ्यावी परतीची वाट पाहून

सरोवर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर शांत पाणी येते. उत्तर अमेरिकेतले ईरी सरोवर मात्र सुमारे ३८८ किलोमीटर लांब, आणि त्याची सरासरी खोली अवघी १९ मीटर. पाणी उथळ, म्हणून वारा सुटला की पाहता पाहता आखूड, उभ्या लाटा उठतात. तिथे मासेमारीसाठी ॲल्युमिनियमची छोटी होडी घ्यायची, तर सकाळचे निवांत पाणी पाहून घेऊ नये. दुपारी वाऱ्यातून परतायचे आहे, हे ध्यानात ठेवून घ्यावी.

ॲल्युमिनियम पोलादाच्या साधारण एक तृतीयांश वजनाचे. होडी मोटारीमागे सहज ओढून नेता येते. पण हलकी म्हणून ती वाऱ्याने भरकटतेही लवकर. बारा फुटी, सपाट बुडाची होडी लहान तळ्यात ठीक. लाटांवर ती आपटत राहते. मोठ्या सरोवरासाठी सोळा ते अठरा फूट लांबी, व्ही आकाराचे खोल बूड आणि उंच काठ हवेत. इंजिन बसवतात ती मागची बाजूही उंच असावी; मागून आलेली लाट तिथूनच आत शिरते.

अमेरिकेत वीस फुटांखालील बहुतेक मोटारहोड्यांवर माणसांची व वजनाची मर्यादा सांगणारी पट्टी १९७२ पासून सक्तीची आहे. ती मर्यादा बऱ्या हवामानापुरतीच समजावी. होडीत पुरेसा फोम भरला आहे ना, हेही विचारावे. धातू बुडतो, पाणी भरलेल्या होडीला तरंगत ठेवतो तो फोम.

एवढे करूनही जीवरक्षक जाकीट अंगावर असू द्यावे, आणि वारा वाढताच मासे सोडून किनारा धरावा.