उद्यांची हवा आणि शंभर वर्षांचें हवामान

पावसाच्या भाकितावर आपल्याकडील लोकांचा फारसा विश्वास नाहीं, आणि त्यास कारणही आहे. सन २००२ मध्यें सरासरीच्या १०१ टक्के पाऊस पडेल असें हवामान खात्यानें वर्तविलें होतें. प्रत्यक्षांत तो ८१ टक्केच पडला आणि देशांत अवर्षण झालें. मग ज्या शास्त्रास चार महिन्यांचा पाऊस नीट सांगतां येत नाहीं, त्यानें शंभर वर्षांनंतरची उष्णता सांगावी, आणि तेवढ्यावरून आम्हीं कोळसा व तेल जाळणें कमी करावें काय? असा प्रश्न पुष्कळांच्या तोंडीं असतो. शंका हें ज्ञानाचें द्वार होय. म्हणून आम्ही ह्या शंकेचा आदरपूर्वक विचार करूं.

प्रथम हवा आणि हवामान ह्यांतील भेद पाहूं. पुढील वर्षीं मे महिन्याच्या अमुक दिवशीं आकाशांत ढग असतील कीं नाहीं, हें कोणासही सांगतां येणार नाहीं. परंतु मुंबईस मे महिना जानेवारीहून उष्ण असेल, हें लहान मूलही सांगेल. पहिली गोष्ट वाऱ्याच्या क्षणोक्षणीं बदलणाऱ्या गतीवर अवलंबून असते, तर दुसरी सूर्यापासून मिळणाऱ्या उष्णतेवर. शंभर वर्षांचें अनुमान हें ह्या दुसऱ्या जातीचें आहे. तें पृथ्वीच्या उष्णतेचा जमाखर्च मांडतें.

ह्या जमाखर्चांत कार्बन डायऑक्साइड वायूचें महत्त्व मोठें आहे. पृथ्वीवरून बाहेर जाणारी उष्णता हा वायु अडवितो, हें जॉन टिंडल ह्यांनीं सन १८५९ च्या सुमारास प्रयोगानें दाखविलें. कारखान्यांचें युग सुरू होण्यापूर्वीं हवेच्या दहा लक्ष भागांत त्याचे सुमारें २८० भाग होते. आज ते ४२० हून अधिक आहेत.

आतां भाकिताची कसोटी. सन १९६७ मध्यें मनाबे व वेदराल्ड ह्यांनीं गणितानें असें सांगितलें कीं, हा वायु वाढल्यास जमिनीजवळची हवा तापेल, परंतु फार उंचावरील हवा थंड होईल. सूर्याचें तेज वाढल्यानें उष्णता वाढती, तर वरची हवाही तापली असती. पुढें केलेल्या मोजमापांत खालची हवा तापलेली व वरची थंडावलेली आढळली. मनाबे ह्यांस सन २०२१ मध्यें नोबेल पारितोषिक मिळालें. उलट, वायु दुप्पट झाल्यास उष्णता पांच-सहा अंशांनीं वाढेल हा आरेनियस ह्यांचा सन १८९६ चा हिशेब आज अधिक मानला जातो. तात्पर्य, आंकडे सुधारत गेले, पण दिशा चुकली नाहीं.

शंकेस अजूनही जागा आहे. वायु दुप्पट झाल्यास उष्णता अडीच अंशांनीं वाढेल कीं चार, हें निश्चित नाहीं. एखाद्या जिल्ह्यांत पाऊस किती पडेल, हेंही निश्चित नाहीं. खर्चाचा भार कोणीं उचलावा हा प्रश्न तर न्यायाचाच आहे. कारण भारतांत दरडोई निघणारा हा वायु जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे, आणि गरिबाच्या घरचा दिवा विझवून पृथ्वीचें रक्षण करावें असें कोणीही म्हणणार नाहीं.

परंतु अनिश्चितता दोन्ही बाजूंस असते. अनुमान चुकलें, तर परिणाम सौम्य होईल तसा अधिक भयंकरही होईल. शिवाय हवेंत गेलेल्या ह्या वायूचा मोठा भाग शतकानुशतकें तेथेंच राहतो; म्हणून "आधीं पाहूं, मग करूं" असें म्हणणाऱ्यास मागें फिरण्याची वाट उरत नाहीं. पवित्र शास्त्रांतील योसेफानें सुकाळाच्या सात वर्षांतच धान्य सांठविलें, दुष्काळ दारांत येईपर्यंत तो थांबला नाहीं.

आमच्या विद्यार्थ्यांनीं प्रत्येक भाकितास तीन प्रश्न अवश्य विचारावे: हें कशाचें भाकीत आहे? तें कोणत्या कारणावर उभें आहे? पूर्वींचीं भाकितें कितपत खरीं ठरलीं? ह्या प्रश्नांचीं उत्तरें मिळाल्यावर मात्र आपल्या सोयीसाठीं शंका धरून बसूं नये. ही पृथ्वी आपल्या मालकीची नव्हे; आपण तिचे कारभारी आहों, आणि हिशेब पुढील पिढीस द्यावयाचा आहे.